काचेतल्या भुलाबाईला भेटायला सौंसरला

पोरींनो, असाल तिथं जरा बसा गं. आणि तो मोबाइल जरा उलटा करून ठेवा, पळून नाही जात तो. रागवायलाच बसले आहे. पण रागवून झालं की गोष्टही सांगणार आहे, म्हणून उठून जाऊ नका. एक जण दुबईला जाऊन आली, एक जण केरळात नावेत राहून आली. फोटो पाठवले, मी पाहिले, छान आहेत. पण आपल्या पांढुर्ण्याहून बसनं निघालं तर चहा पचायच्या आत सौंसर येतं, तिथल्या संग्रहालयात तुमच्या पणजीच्या हातची भुलाबाई बसली आहे, आणि ती पाहायला तुमच्यातली एकही नात आली नाही. फोन केला तर म्हणता, "आजी, सौंसरला काय आहे पाहायला?" आता ऐका काय आहे ते. मी तिथं तीन दिवस राहून आले आणि अजून मनानं पुरती परतले नाही.

शनिवार : जामसांवलीच्या गर्दीतून

झालं असं की माझ्या धाकट्या बहिणीचा, तुमच्या शांताआजीचा, बोरगावहून फोन आला. "अक्का, संग्रहालयात भुलाबाईचा कार्यक्रम हाय. शनिवारी माती, रविवारी गाणे, सोमवारी कोजागिरी. तू येच." मी म्हटलं, माझे गुडघे. तर म्हणाली, "गुडघे तिथंही दुखतीन, इथंही दुखतीन. ये." शांता कधी एवढा आग्रह करत नाही. आमच्या घरात आग्रह करायचं खातं माझ्याकडं आहे. मला तिथंच समजायला पाहिजे होतं की हिच्या मनात काही शिजून राहिलं आहे.

शनिवारची बस म्हणजे अर्धी जामसांवलीच्या मारुतीची. नारळ, रुईच्या माळा, लेकरंबाळं. माझ्या शेजारी एक जाडजूड बाई येऊन बसली. तिनं विचारलं, "तुम्ही बी जामसांवलीले?"

"नाही बाई. सौंसरच्या संग्रहालयात."

"तिथं कोणता देव हाय?"

मी विचार केला आणि म्हटलं, "भुलाबाई."

"मंग ठीक हाय," असं म्हणून तिनं माझ्यासाठी थोडी जागा सोडली.

बाहेर पाहावं तर दोन्ही बाजूंनी कपाशी. बोंडं नुकतीच उकलायला लागली होती, हिरव्यात कुठं कुठं पांढरा ठिपका. संत्र्याचे बगीचे फळांनी असे वाकले होते की फांद्यांना खालून बांबूचे टेकू दिलेले. फळ अजून हिरवंच, पण खिडकीतून त्याचा वास येत होता. तुम्ही पुण्यात जो वास बाटलीतून विकत घेता, तो. मी तोंड बाहेर काढून बसले, आणि जामसांवली आली, अर्धी बस रिकामी झाली, तरी मला पत्ता नाही. सौंसरला उतरले तेव्हा पाहते तर माझी पिशवी गेलेली आणि त्या बाईची माझ्याजवळ राहिलेली. दोन्ही एकाच कापड दुकानाच्या, लाल.

शांता स्टँडवर आली होती. तिनं पिशवी उघडली. "हे काय आणलं वं? नारळ, अगरबत्ती, शेंदूर?"

"मारुतीचं आहे."

"अन् माह्या करंज्या?"

"मारुतीजवळ."

ती रस्त्यात कमरेवर हात ठेवून हसली. मला बरं वाटलं. म्हटलं, ही ठीक आहे, मीच उगाच शंका घेत होते.

संग्रहालय म्हणजे कधीकाळची कापसाची जिनिंग, सरकी काढायचा कारखाना. उंच टिनाचं छप्पर, जाड भिंती, मधे मोठं आंगण आणि आंगणात निंबाचं झाड. एका दालनात जुन्या दगडी मूर्ती आणि नाणी. दुसऱ्यात आजकालच्या पोरांनी काढलेली चित्रं. एका चित्रात संत्र्याच्या ढिगावर झोपलेला कुत्रा होता, तो मला फार आवडला. आणि तिसऱ्या दालनात, पोरींनो, आपलं घर. पायली, काठवट, तिफण, रवी, दिवट्या. जे आम्ही सगळ्यांनी माळ्यावर फेकलं त्याला तिथं दिवे लावून बसवलं आहे. एका टेबलावर लिहिलं होतं, "हात लावून पाहा". बाजूला खाली जातं मांडलं होतं. शाळेच्या मुली दोघी-दोघी मिळून ते फिरवत होत्या, पण उलट्या बाजूनं. मी खाली बसले, फिरवून दाखवलं. उठायला मात्र चार मुली लागल्या.

त्याच दालनाच्या शेवटी काचेचं कपाट, आणि कपाटात आईची भुलाबाई.

तुम्हाला भुलाबाई माहीत आहे ना? नसेल तर तोही राग मी वेगळा ठेवते. भुलाबाई म्हणजे पार्वती. भादव्याच्या पुनवेला माहेरी येते, महिनाभर लाड करून घेते, आणि कोजागिरीला परत सासरी जाते. संगं नवरा भुलोजी, म्हणजे शंकर. मुली रोज तिच्यापुढं गाणी म्हणतात, मग खिरापत वाटतात. आणि जाताना तिला पाण्यात सोडतात. आमची आई दरवर्षी शेतातली चिकण माती आणून घरीच मूर्ती करायची. चेहरा हळदीचा, लुगडं निळीचं, डोळे काजळाचे. आईला दोन डोळे सारखे कधी साधले नाहीत, डावा नेहमी मोठा. काचेतली ती बाई तशीच माझ्याकडं पाहत होती, एका डोळ्यानं जास्त.

कपाटासमोर एक सावळी, चुणचुणीत मुलगी ओल्या फडक्यानं काच पुसत होती. ती प्रज्ञा. संग्रहालयातले सगळे कार्यक्रम तीच करते. पांढुर्ण्याकडचीच आहे, वडील नगरपालिकेत होते.

"काय पुसून राहिली गं?" मी विचारलं.

"कुंकू, मावशी. रोज पुसते. बायका येतात, पाहतात आणि काचेलाच कुंकू लावून जातात. मी पाटी लावली, 'काचेला हात लावू नका'. तर आता पाटीलाही कुंकू लावतात."

दुपारी आंगणात माती होती. शाळेच्या मुली, बचत गटाच्या बाया, दोन-तीन पुरुषही, जे बायकोला सोडायला आलो असं म्हणत होते आणि मातीत हात घालून बसले होते. शांतानं आणि मी सगळ्यांना भुलाबाई करायला शिकवली. एका मुलीनं भुलोजीला भलीमोठी मिशी काढली. मी म्हटलं, शंकराला मिशी कुठं असते? ती म्हणाली, "माझ्या बाबांना आहे." आणखी एकीनं भुलाबाईच्या हातात मोबाइल दिला. "महिनाभर माहेरी आहे तर सासूला फोन नाही करणार का?"

गंमत झाली ती शेवटी. प्रज्ञानं कार्यक्रमाच्या पत्रिका वाटल्या, रंगीत, सुंदर छापलेल्या. तिन्ही दिवसांची वेळ, गाणी, आणि खाली ओळ : आजची खिरापत गूळ-फुटाणे, रविवारची खिरापत चिवडा, सोमवारची दूध-पोहे. बायांनी ते वाचलं आणि एकच कल्ला झाला.

"अवं, खिरापत कोणी छापते का?"

"मंग ओळखायचं काय, कप्पाळ?"

प्रज्ञा घाबरली. "पाहुण्यांना आधी सांगितलेलं बरं, असं वाटलं मला. काही चुकलं का?"

मी तिला बाजूला घेऊन सांगितलं. खिरापत झाकलेल्या डब्यात असते. डबा हलवायचा, आवाज ऐकायचा, आणि सगळ्यांनी ओळखायचं : गोड का तिखट, ओलं का कोरडं, वाटीत खायचं का मुठीत. कोणालाच नाही ओळखता आली तर ज्या घरची खिरापत त्या घराचा मान. अख्खी गंमत त्यातच आहे.

तिनं कपाळावर हात मारला. "आमच्याकडं भुलाबाई बसवत नाहीत मावशी. आम्ही बौद्ध. मी सगळं विचारून विचारून केलं, पण जे विचारायलाच पाहिजे हे माहीत नव्हतं ते राहिलं."

"म्हणूनच तर आम्ही आलो," मी म्हटलं. आणि ठरलं की पत्रिकेत छापलेलं काहीही आणायचं नाही. दुसऱ्या दिवशी काय येणार हे फक्त एका बाईला माहीत असणार.

बोरगाव, जेवणानंतर

शांताच्या घरी बरबटीच्या शेंगांची भाजी, ज्वारीची भाकर आणि ठेचा. आमचे जवाईबापू, म्हणजे शांताचे मालक, कमी बोलतात आणि जास्त वाढतात. मी तिसरी भाकर नको म्हटलं तर म्हणाले, "अक्का, जिल्ह्याचं पाणी लागलं तुम्हाले. पांढुर्णा जिल्हा झाला आणि तुमची भूक कमी झाली."

जेवण झाल्यावर शांता ओसरीत माझ्याजवळ येऊन बसली आणि मग तिनं सांगितलं मला कशाला बोलावलं ते.

"अक्का, मी भुलाबाई वापस आणतो."

मी म्हटलं, "वेडी आहेस का? दिलेली वस्तू कोणी वापस मागते?"

"वस्तू नाई ते."

आता मागचं सांगते, म्हणजे तुम्हाला कळेल. आई गेली ती नवरात्रात. त्या वर्षीची भुलाबाई तिनं स्वतःच केली होती, बसवली होती, आणि कोजागिरी यायच्या आत आई गेली. घरात सुतक. सुतकात भुलाबाईला कोण पाठवणार? ती राहिली तशीच कोनाड्यात. पुढच्या वर्षी तिला पाण्यात सोडायचं म्हटलं तर कोणाचा हात धजेना. आईच्या हातची शेवटची. मग ती शांताकडं आली. शांताच्या नव्या घरात कोनाडा नाही. कधी कपाटावर, कधी फ्रिजवर. नातवाचा चेंडू लागून भुलोजीच्या हाताचा तुकडा पडला, तेव्हा सुनेनं म्हटलं, आई, ही संग्रहालयात द्या, तिथं सांभाळतील. शांतानं दिली. आणि तेव्हापासून तिच्या जिवाला चैन नाही.

"मी महिन्यातून एकदा जातो पाह्याले," ती म्हणाली. "भर उन्हाळ्यातही तिथंच बसून. दिवे लागलेले, लोक पाहून राहिले. पोरगी महिनाभरासाठी माहेरी आली अन् आपण तिले पाठवलंच नाही, अक्का. इतके वर्ष झाले. माय जाताना एक काम ठेवून गेली, तेही आपल्याच्यानं नाही झालं. परवा कोजागिरी हाय. मी तिले आणतो अन् कन्हान नदीत सोडतो."

"आईच्या हातची आहे शांता. विरघळून जाईल."

"जाऊ दे. तिले जायाचंच होतं."

खरं सांगू का, माझ्या मनात होतं की ती तिथंच राहावी. तुम्ही कधीतरी याल आणि पाहाल म्हणून. पण शांताचा चेहरा पाहिला आणि ते म्हणवेना.

रविवार : गाणी

रविवारी आंगण भरून गेलं. पांढुर्ण्याहून एक जीप भरून बाया आल्या होत्या, पार मोहगावहूनही. गाणी सुरू व्हायच्या आधी भांडण सुरू झालं, ते तर व्हायचंच. आमच्याकडं भुलाबाई महिनाभर बसते. शांताच्या सासरकडं शेवटचे पाचच दिवस. सौंसरची एक बाई म्हणाली, "महिनाभर बसवाले पांढुर्ण्याच्या बायांले काम कमी दिसते." आमची एक लगेच म्हणाली, "पाच दिवसांत तर आमच्या पोरीची बॅगही उघडत नाही." मग दोन्हीकडच्या चालीनं तीच गाणी म्हणून पाहिली. शब्द बरेचसे सारखे, चाल वेगळी. तिकडच्या चालीत ओळीच्या शेवटी एक झोका आहे, तो आमच्याकडं नाही. मी शिकून आले तो. आल्यावर म्हणून दाखवीन, फोनवर नाही.

प्रज्ञा सगळं ध्वनिमुद्रित करत होती. डबा आला. हलवला. "खडखड वाजते, शेंगदाणे!" "नाई, साबुदाण्याचे पापड!" "मुरमुरे!" डबा उघडला तर भाजलेले मक्याचे दाणे. कोणालाच ओळखता आले नाहीत. ज्या बाईनं आणले होते ती अशी बसली जणू निवडणूक जिंकली.

या गडबडीत शांता उठून संग्रहालयाच्या साहेबांच्या खोलीत गेली. मी मागं. साहेब भोपाळकडचे, मराठी समजते, बोलतात हिंदी. माणूस सज्जन, पण नियमाचा. शांतानं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "माताजी, ये अब संग्रहालय की है. दर्ज हो चुकी है. मैं दे ही नहीं सकता, और पानी में छोड़ने के लिए तो बिल्कुल नहीं."

"साहेब, ते आमची लेक हाय."

"मैं समझता हूँ."

"समजत असते तर दिली असती," शांता म्हणाली आणि बाहेर आली.

ती निंबाखाली जाऊन बसली. आंगणात हसणं चाललेलं, आणि ही पाठ करून. थोड्या वेळानं प्रज्ञा येऊन तिच्या बाजूला खाली मातीतच बसली.

"मावशी, माझ्यावर रागावल्या का?"

"तुह्यावर काहून रागवू? तू तर रोज तिचं तोंड पुसते."

"एक सांगू? या दालनातली पहिली वस्तू तुम्ही दिली. तुम्ही दिली म्हणून बाकीच्यांनी दिल्या. तुम्ही नेली तर उद्या पायलीवाले येतील, परवा जातंवाले. दालन रिकामं होईल, मग असे कार्यक्रमही नाही होणार." ती थांबली. "पण तुम्ही दुःखी होऊन गेल्या तर मला तेही नाही चालणार. मला समजवून सांगा, मावशी. नेमकं काय नाही झालं तिचं?"

"सासरी नाही गेली," शांता म्हणाली.

"पाण्यात नाही सोडली, हे नाही?"

शांतानं तिच्याकडं पाहिलं. "पाणी म्हणजे वाट हाय, बाई. जायाचं सासरी असते."

प्रज्ञा माती झटकत उठली. मग "उद्या लवकर या" एवढंच म्हणाली आणि साहेबांच्या खोलीकडं गेली. आम्हाला आतून तिचा आवाज येत होता. साहेबांचा येत नव्हता.

सोमवार : घर पाहायला

सोमवारी संग्रहालयाला सुट्टी असते, पण पुनव सोमवारी आली म्हणून खास उघडलं होतं. सकाळचा वेळ गेला धांडे शोधण्यात. कोजागिरीला भुलाबाईला ज्वारीच्या पाच धांड्यांचा, म्हणजे उभ्या ताटांचा, मांडव लागतो. आता ज्वारी पेरतो कोण? सगळीकडं कपाशी नाहीतर मका. मक्याचे चालतील का यावर आंगणात सभा भरली. शेवटी जवाईबापू कुठूनतरी मोटारसायकलवर पाच धांडे घेऊन आले, कणसांसकट, आणि भिंतीला टेकवून ठेवले. शांताच्या काखेत एक रिकामी थैली होती. ती कोणाला न्यायला आणली ते मी ओळखलं.

प्रज्ञा आली. म्हणाली, "मावशी, जुन्या वस्तूंना सतत उजेड सोसत नाही. रंग उडतात. तुमच्या भुलाबाईचं लुगडं पाहा, निळं होतं, आता फिकं पडून राहिलं. तिला तसंही आत ठेवावंच लागणार. मी रात्रभर हाच विचार केला. वर्षातला एक महिना तिनं इथं बाहेर बसायचं, भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत. बाकीचे दिवस आतल्या कोठीत. साहेब हो म्हणाले आहेत. बाहेर माहेर, आत सासर. पाहा, पटतं का."

आंगणातल्या बाया जवळ सरकल्या. शांतानं पदर खोचला. मग ती म्हणाली, "सासर म्हणता, तर आधी घर पाह्यलं पाह्यजे. न पाहता कोणी पोरगी देते का?"

"चला ना," प्रज्ञा म्हणाली.

पोरींनो, त्या कोठीत आम्ही सात-आठ बाया शिरलो ना, तसं स्थळ पाहणं मी जन्मात पाहिलं नाही. लोखंडी मांडण्या, पांढऱ्या कापडात गुंडाळलेल्या वस्तू, कापराचा वास. शांतानं आधी भिंतीवर तळहात ठेवून ओल पाहिली. मग वर छताकडं पाहिलं.

"पावसाळ्यात गळते का?"

"नाही मावशी. यंदाच दुरुस्त केलं."

"उंदरं?"

"पिंजरे आहेत."

"शेजारी कोण राहते?"

प्रज्ञानं मांडणीवरची कापडं एकेक उचलून दाखवली. "हा पाटा-वरवंटा. ही पितळी घागर. हे तलवारीचं म्यान."

"तलवारीजवळ नोका ठेवू. पाट्याजवळ ठेवा. गप्पा मारतीन." मग तिनं डोळे बारीक केले. "अन् सासू कोण?"

प्रज्ञानं कमरेची चाबी दाखवली. "मीच. चाबी माझ्याकडं असते."

एवढ्या हसल्या बाया की बाहेर निंबावरचे पक्षी उडाले असतील. शांता मात्र गंभीर. "कामाले तर नाही लावणार?"

"नाही. मलमलीत झोपून राहायचं फक्त."

"असं सासर मले नाही भेटलं," शांता म्हणाली. तेव्हा दारात उभे असलेले जवाईबापू खाली पाहून हसले.

आवाज ऐकून साहेब आले. "ये क्या चल रहा है?"

मी म्हटलं, "साहेब, पोरीचं घर पाहून राहिलो."

त्यांनी आमच्याकडं पाहिलं, कोठीकडं पाहिलं, सदऱ्याची कॉलर नीट केली, आणि खरंच मुलाच्या वडिलांसारखे म्हणाले, "तो फिर आप लोग बैठिए. बिना चाय के कैसे जाएँगे?"

चहा आला. आंगणात खुर्च्या मांडल्या. आम्ही सगळ्यांनी कप घेतले. शांतानंही घेतला, पण ती पीत नव्हती. तुम्हाला आता हे माहीत नसेल, पण आपल्याकडं मुलाकडचा चहा प्यायला म्हणजे अर्धा होकार झाला. पटलं नसेल तर कपाला तोंड लावत नाहीत, पोट बरं नाही म्हणतात. सगळ्या बायांना ते माहीत होतं. प्रज्ञाला कोणीतरी कानात सांगितलं असावं, कारण तीही शांताच्या कपाकडं पाहत उभी राहिली. साहेब बशीतली बिस्किटं पुढं करत राहिले. चहावर साय धरली.

मला वाटलं, आता ही कप खाली ठेवणार. मी तोंड उघडलंच होतं काहीतरी बोलायला, पण आयुष्यात पहिल्यांदा मी गप्प राहिले. तिची गोष्ट होती ती. आईच्या उशाशी शेवटी तीच होती.

शांतानं बोटानं साय बाजूला केली आणि एका दमात सगळा चहा पिऊन टाकला. पदरानं तोंड पुसलं. "साखर जास्त हाय," म्हणाली. "पण घर चांगलं हाय."

संध्याकाळी मांडव उभा राहिला. प्रज्ञानं हातमोजे घालून कपाट उघडलं आणि आईची भुलाबाई बाहेर आणली; बायांनी हात न लावता ओवाळलं, तसं ठरलं होतं. ओटी एका ताटात बाजूला भरली : तांदूळ, खण, बोरगावचं हिरवं संत्रं. कुंकू मूर्तीला नाही, ताटाला. सौंसरच्या चालीनं एक गाणं, आमच्या चालीनं एक. पूर्वेला चंद्र जिनिंगच्या टिनावर आला तेव्हा आम्ही आंगणातून कोठीपर्यंत तिला पोचवायला चाललो. पुढं प्रज्ञा मूर्ती घेऊन, मागं शांता, मागं सगळ्या. एरवी ते आंगण पोरी एका दमात ओलांडतात. त्या दिवशी कोणालाच घाई नव्हती. कोठीच्या दारात शांता थांबली, आत गेली नाही. लेकीच्या सासरी आई उंबऱ्यातूनच निरोप देते ना, तशी. आत प्रज्ञानं तिला पाट्याशेजारी ठेवलं, वरून मलमल घातली. शांता रडली, पण पोरींनो, ते रडणं चांगलं होतं. मी ओळखते तिचं रडणं.

मग तिनं नाक ओढलं आणि दारातूनच विचारलं, "सासूबाई, न्याले कधी येऊ?"

प्रज्ञानं आतून सांगितलं, "भादव्याच्या पुनवेला मुऱ्हाळी पाठवा. मुऱ्हाळ्याशिवाय मी सोडणार नाही." हा नियम तिला कोणी शिकवला देव जाणे, पण बरोबर आहे : सासरहून मुलीला आणायला माहेरचं माणूस जावंच लागतं.

तर आता माझी अडचण ऐका. आम्ही दोघी बहिणी, माझे गुडघे असे, शांताचा श्वास तसा. आंगणातून नाचत-गात भुलाबाई आणायची तर गळे पाहिजेत, पाय पाहिजेत. माहेरचं माणूस म्हणजे तुम्हीच उरल्या. भादव्याला यायचं आहेच, पण तोवर थांबू नका. त्याआधी एकदा या, दोन दिवसांसाठी का होईना. मी गाणी शिकवते, दोन्ही चालींनी. शांता माती मळायला शिकवते. आणि बगीच्यात संत्रं पिवळं होतं आहे. या लवकर. पांढुर्ण्याच्या स्टेशनवर मी स्वतः घ्यायला येते.